मॅप ॲप किती अचूक आहे हे स्वतः मोजायचं कसं

रात्री साडेअकराला मावशीला श्वास घेता येईना, म्हणून आम्ही गाडी काढली. ॲपमध्ये रुग्णालयाचं नाव टाकलं आणि ते सांगेल तसं जात राहिलो. "तुम्ही पोहोचलात" असं ऐकू आलं तेव्हा समोर रुग्णालयाची मागची भिंत होती. इमारत तीच, नाव तेच, पिनही इमारतीच्या बरोबर मध्यावर. दार मात्र पलीकडच्या रस्त्याला, आणि तिथे पोहोचायला भलामोठा वळसा. मावशीला वेळेत ऑक्सिजन मिळाला, ती बरी झाली. पण त्या रात्रीनंतर "कोणतं मॅप ॲप जास्त अचूक?" हा प्रश्न माझ्यासाठी गप्पांचा राहिला नाही. मी तो मोजायला लागलो.

मोजताना पहिली गोष्ट ही कळली की या प्रश्नात चार वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात. मी आत्ता कुठे आहे? मला जायचं ते ठिकाण कुठे आहे? तिथे जायचा रस्ता कोणता? आणि किती वेळ लागेल? एखादं ॲप एकात उत्तम आणि दुसऱ्यात कच्चं असू शकतं. चारही वेगवेगळे तपासले नाहीत तर हाती फक्त "मला अमुक बरं वाटतं" एवढंच राहतं.

निळा ठिपका आधी बाजूला काढा

बहुतेक लोक ॲपची परीक्षा निळ्या ठिपक्यावरून घेतात. ठिपका शेजारच्या गल्लीत दिसला की ॲप वाईट. पण हा ठिपका मुख्यतः फोनचा असतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे, शिवाय ग्लोनास, गॅलिलिओ, बेईदू या अशाच इतर उपग्रह प्रणालींचे संकेत फोनमधली चिप पकडते. त्याला वायफाय, मोबाइल टॉवर आणि हालचालीच्या सेन्सरची जोड मिळते, आणि तयार झालेलं स्थान फोनची प्रणाली ॲपच्या हातात देते. एकाच फोनवरच्या दोन ॲपना जवळपास एकच स्थान मिळत असतं. म्हणून तुमच्या फोनवर एक ॲप आणि मित्राच्या फोनवर दुसरं लावून ठिपक्यांची तुलना केली, तर ती दोन फोनची तुलना होते.

मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनचं स्थान साधारण ४.९ मीटर त्रिज्येत असतं, असं अमेरिकी सरकारची जीपीएसविषयक माहिती सांगते. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात, त्यांचा प्रवास लांबतो आणि चूक कितीतरी वाढते. २०१८ मध्ये 'शाओमी मी ८' या मॉडेलपासून फोनमध्ये दोन रेडिओ वारंवारतांवरचे संकेत पकडणारी जीपीएस चिप आली. तिला असे परावर्तित संकेत ओळखणं सोपं जातं. तुमच्या फोनमध्ये ती आहे का, हे तुलना सुरू करण्याआधी पाहून ठेवा.

ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळही नीट समजून घ्या. अँड्रॉइडमध्ये फोन जी अचूकता कळवतो तिचा अर्थ असा, की खरी जागा त्या त्रिज्येच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे वर्तुळ २० मीटरचं असताना तुम्ही त्याच्या बाहेर उभे असाल, तर त्यात नवल काही नाही. दर तीन वेळांपैकी जवळजवळ एकदा तसं होणारच.

एक सेटिंग मात्र जरूर तपासा. आयओएस १४ पासून (२०२०) आणि अँड्रॉइड १२ पासून (२०२१) प्रत्येक ॲपला अचूक स्थान द्यायचं की ढोबळ, हे वेगवेगळं ठरवता येतं. एका ॲपला अचूक आणि दुसऱ्याला ढोबळ परवानगी असेल तर सगळी तुलना पाण्यात.

ठिपक्याच्या बाबतीत ॲपची स्वतःची कामगिरी एकाच ठिकाणी दिसते. गाडी चालवताना ॲप ठिपका जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता, किंवा महामार्ग आणि त्याला लागून जाणारा सर्व्हिस रोड, अशा जोडरस्त्यांवर कोणतं ॲप चुकीच्या रस्त्याला चिकटतं आणि चूक किती वेळाने सुधारतं, ते सोबतच्या माणसाला लिहायला सांगा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. हा नियम पुढच्या प्रत्येक पायरीला लागू आहे.

कोणती ॲप घ्यायची

तीन पुरेत, चार झाली तर दमछाक होते. पण निवडताना नकाशा मुळात कुठून येतो ते बघा. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात. हा स्वयंसेवकांनी मिळून घडवलेला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. दोन्हींत एकच रस्ता गाळलेला दिसला, तर त्या दोन चुका नव्हेत, एकच चूक दोन खिडक्यांतून दिसते आहे. वेझ २०१३ पासून गुगलच्या मालकीचं आहे, तरी त्याचा नकाशा त्याचे स्वयंसेवक संपादक वेगळा सांभाळतात. ॲपल मॅप्स आणि हिअर वुईगो ही आणखी वेगळी घराणी. शक्यतो तीन ॲप तीन घराण्यांतून घ्या.

मग सगळी एकाच फोनवर टाका आणि त्याच दिवशी अद्ययावत करा. ऑफलाइन नकाशे वापरणाऱ्या ॲपमध्ये नकाशाची तारीख स्वतंत्रपणे पाहा. ॲप नवं आणि आतला नकाशा आठ महिने जुना, असं सर्रास घडतं. टोल टाळा, कच्चा रस्ता टाळा, वाहनाचा प्रकार या सेटिंग सगळीकडे सारख्या ठेवा. खात्यातून बाहेर पडा किंवा जिथे सोय असेल तिथे इन्कॉग्निटो मोड वापरा, कारण आधी भेट दिलेली ठिकाणं शोधात वर येतात आणि ॲप आहे त्याहून हुशार वाटतं.

ठिकाणांची यादी ॲप उघडण्याआधी

ही पायरी लोक हमखास उलटी करतात. ॲपमध्ये दिसलेली ठिकाणं घेऊन ॲप तपासायचं म्हणजे विद्यार्थ्यालाच प्रश्नपत्रिका काढायला लावणं. कागद घ्या, आणि तुम्हाला प्रत्यक्ष माहीत असलेली चाळीस ठिकाणं लिहून काढा. सोपी चालतील, पण निम्मी तरी अवघड हवीत: बोळाच्या आत दार असलेलं घर, तीन फाटकं असलेलं मोठं आवार, गेल्या वर्षभरात जागा बदललेलं दुकान, बंद पडलेलं दुकान, एकाच नावाच्या दोन शाखा, तळघरातला दवाखाना. बंद पडलेली ठिकाणं मुद्दाम घाला. ती अजून चालू असल्याचं दाखवणं हीदेखील चूकच आहे, आणि तीच तुम्हाला सर्वांत जास्त हेलपाटे घालायला लावते.

प्रत्येक ठिकाण तीन प्रकारे शोधा: पूर्ण नावाने, लोक बोलताना वापरतात त्या नावाने आणि फक्त पत्त्याने. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असं दोन्हींत टाकून पाहा. मला इथे ॲपांमधला फरक इतर कुठल्याही चाचणीपेक्षा मोठा दिसला. एका लिपीत पहिलं येणारं ठिकाण दुसऱ्या लिपीत सापडतच नाही, असंही होतं. बरोबर ठिकाण यादीत पहिलं आलं, पहिल्या पाचांत आलं की आलंच नाही, एवढंच टिपा. सगळे शोध एकाच जागी बसून करा, कारण ॲप तुमच्या जवळची उत्तरं वर आणतं.

पत्त्याच्या शोधात एक खाच आहे. नेमका घरक्रमांक नकाशात नसेल तर पुष्कळदा अंदाज बांधला जातो: रस्त्याच्या एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला १००, म्हणजे ५० मधोमध असणार. पिन मात्र तितक्याच ठामपणे टोचलेला दिसतो. क्रमांक सरळ ओळीने जात नसतील तिथे हा अंदाज सपशेल फसतो.

खरी जागा कुठे, हे कोण सांगणार?

पिन किती चुकला हे ठरवायला आधी बरोबर उत्तर हवं. ते त्याच ॲपच्या उपग्रह छायाचित्रावरून काढू नका. छायाचित्र जमिनीवर बसवतानाही काही मीटरची चूक राहू शकते, शिवाय तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात उंच इमारतीचं छप्पर पायथ्यापासून सरकलेलं दिसतं.

दारात जाऊन उभे राहा. उपग्रहांची स्थिती आणि कच्चे अक्षांश-रेखांश दाखवणारी साधी जीपीएस ॲप मिळतात, त्यातलं एखादं उघडा. दोन मिनिटं थांबा आणि आकडा स्थिरावला की लिहून घ्या. दाराला छत असेल तर चार पावलं मोकळ्यात या. महत्त्वाच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा जा. एकाच वेळी दहा मिनिटं उभं राहिलात तरी भिंतींवरून येणारी चूक तशीच राहू शकते. उपग्रह जागा बदलतात तेव्हा ती बदलते.

दशांश चिन्हानंतर पाच अंक घ्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून पाचवा अंक साधारण १.१ मीटरचा होतो. सहावा अंक ११ सेंटिमीटर सांगतो, पण फोनला एवढं कळतच नाही.

आता ॲपमधला पिन दाबून धरा, त्याचे अक्षांश-रेखांश घ्या आणि अंतर काढा. अक्षांशांतला फरक गुणिले १,११,३२० म्हणजे उत्तर-दक्षिण मीटर. रेखांशांतला फरक गुणिले १,११,३२० गुणिले अक्षांशाची कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos) म्हणजे पूर्व-पश्चिम मीटर. समजा, जागा २० अंश अक्षांशावर आहे, अक्षांशात फरक ०.०००४२ आणि रेखांशात ०.०००३१. पहिला आकडा ४७ मीटर, दुसरा ३२ मीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घ्या, तिचं वर्गमूळ काढा: ५७ मीटर. कोष्टकात सूत्र एकदा बसवलं की पुढचं काम आपोआप होतं.

चीनमध्ये ही पद्धत तशीच लावू नका. तिथल्या नकाशांना जीसीजे-०२ ही अक्षांश-रेखांश मांडायची वेगळी पद्धत बंधनकारक आहे आणि ती जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीपासून शेकडो मीटरपर्यंत सरकवलेली आहे. तिथे दिसणारा फरक ॲपचा नसून या पद्धतीचा असू शकतो.

पण मीटर पुरेसे नाहीत

माझ्या रुग्णालयाचा पिन दारापासून फार तर सत्तर मीटरवर होता. कोष्टकात तो चांगल्या गुणांनी पास झाला असता. म्हणून मीटरच्या शेजारी मी दुसरा रकाना ठेवतो, आणि खरं सांगायचं तर निकाल त्यावरच ठरवतो: पिन मानून गेलेला अनोळखी माणूस कुठे पोहोचेल? दारात. त्याच रस्त्यावर, पण दार शोधावं लागेल. चुकीच्या रस्त्यावर. किंवा भलत्याच जागी. एवढ्या चार श्रेणी पुरतात. मोठ्या आवारासाठी "कोणत्या फाटकावर" हेही लिहा, आणि ते फाटक रात्री उघडं असतं का तेही.

सरासरी अंतर काढू नका. चाळीस पिनांपैकी एक ७० किलोमीटर चुकला तर बाकीच्या एकोणचाळीसांचं काम सरासरीत बुडून जातं. मध्यक घ्या, म्हणजे सगळी अंतरं चढत्या क्रमाने लावून मधलं. आणि सर्वांत वाईट तीन चुका वेगळ्या लिहा. ७० किलोमीटरचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर ॲपल मॅप्स आलं, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्रात माफी मागून दुसऱ्यांचे नकाशे वापरायचा पर्यायही सुचवला. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया पोलिसांना इशारा द्यावा लागला: मिल्डुरा शहर त्या नकाशात खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटरवर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दिसत होतं. तिथे पाणी नाही, आणि पारा ४६ अंशांपर्यंत जाऊ शकतो. काही प्रवासी खरोखरच तिथे अडकले होते. त्यानंतर ॲपलने नकाशावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यामुळे २०१२ च्या आठवणीवरून आजचा निकाल देऊ नका. मोजा.

मार्ग

कोणत्या ॲपने कमी किलोमीटर दाखवले यावरून मार्गाची अचूकता कळत नाही. अस्तित्वात नसलेल्या पुलावरून नेणारा मार्ग सर्वांत छोटाच असणार. पाहायचं ते हे, की दाखवलेल्या मार्गावरचं प्रत्येक वळण कायद्याने आणि प्रत्यक्षात घेता येतं का.

तुम्हाला पाठ असलेल्या दहा प्रवासांचे मार्ग तिन्ही ॲपमध्ये काढा आणि स्क्रीनशॉट घ्या. मग घरी बसून बोट फिरवत वळणं तपासा: एकेरी रस्ता उलटा घेतला आहे का, दुभाजकातून उजवीकडे वळवलं आहे का, खासगी फाटकातून नेलं आहे का, पायऱ्यांवरून गाडी उतरवली आहे का. एका मार्गात एक जरी न घेता येणारं वळण असेल तर तो मार्ग नापास. शंका वाटली तर तिथे चालत जाऊन फलक बघा. उत्सव, बाजार किंवा रस्त्याचं काम यामुळे त्या दिवसापुरता बंद असलेला रस्ता वेगळ्या रकान्यात टाका. ती नकाशाची चूक नाही, बातमी उशिरा पोहोचण्याची आहे.

पायी मार्ग स्वतंत्रपणे तपासा. गाडीच्या मार्गात पहिलं आलेलं ॲप पायवाटांमध्ये अगदी मागे पडू शकतं. डोंगरवाटा, बागेतली आडवाट, दोन इमारतींमधला जिना, हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर कित्येकदा बारकाईने नोंदलेलं आढळतं, कारण त्या वाटांनी स्वतः चालणारी माणसंच ते नोंदवतात. जिथे असं कुणी फिरकलेलं नाही, तिथे तोच नकाशा कोरा असतो.

पोहोचायची वेळ

निघण्याच्या मिनिटाला तिन्ही ॲपचे अंदाज स्क्रीनशॉटमध्ये पकडा. नंतर पाहिलेला अंदाज मोजायचा नाही, कारण प्रवासात तो सतत सुधारत जातो आणि शेवटच्या चौकात सगळीच ॲप बरोबर ठरतात. अडचण ही, की तिघांचे मार्ग वेगळे असले तर तुम्ही जाणार एकाच मार्गाने. मग उरलेल्या दोघांची परीक्षा कशी होणार? मधल्या थांब्याचा बिंदू घालून तिघांनाही एकाच मार्गावर आणा, मग वेळ टिपा. वाटेत पेट्रोलला थांबलात तर ती फेरी रद्द. गाडी लावून दारापर्यंत चालायचा वेळ अंदाजात धरलेला नसतो, तो तुम्हीही धरू नका.

प्रत्येक फेरीची चूक चिन्हासकट लिहा. जास्त वेळ लागला तर अधिक, कमी लागला तर उणे. समजा, पाच फेऱ्यांत एका ॲपच्या चुका +२, +३, +२, +४, +३ मिनिटं आल्या आणि दुसऱ्याच्या -६, +५, -४, +७, -२. दुसऱ्याची सरासरी शून्य येते, पहिल्याची जवळजवळ तीन. तरी मी डोळे झाकून पहिलं घेईन. त्याच्या अंदाजात तीन मिनिटं मिळवली की काम झालं. दुसरं कधी कुठे झुकेल याचा भरवसा नाही, आणि गाडी सुटणार असेल तेव्हा सरासरीचा काही उपयोग होत नाही.

थेट वाहतूक न दाखवणाऱ्या ऑफलाइन ॲपला गर्दीच्या वेळेच्या फेऱ्यांत बसवू नका. त्याची तुलना पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर करा. थेट वाहतुकीलाही मर्यादा आहेत. ती मुख्यतः रस्त्यावरच्या फोनच्या वेगावरून काढली जाते. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत घालून ती रस्त्यावरून हळूहळू ओढत नेल्याचं दाखवलं, आणि नकाशावर तो रिकामा रस्ता कोंडी झाल्यासारखा लाल झाला होता. कमी फोन असलेल्या आडरस्त्यावर अंदाजाला आधारच कमी असतो. त्यामुळे मुख्य रस्त्यावरच्या आणि आडरस्त्यावरच्या फेऱ्यांचे निकाल एकत्र करू नका.

निकाल लावताना

चाळीसपैकी एका ॲपची ३४ ठिकाणं बरोबर आणि दुसऱ्याची २८, म्हणून पहिलं चांगलं? इतक्या घाईने नको. जिथे दोघंही बरोबर किंवा दोघंही चूक, ती ठिकाणं निवड करायला काही मदत करत नाहीत. एक बरोबर आणि दुसरं चूक अशी ठिकाणं तेवढी मोजा. अशी १० निघाली आणि निकाल ८ विरुद्ध २ लागला, तर नाणं दहा वेळा उडवल्यावरही इतका किंवा याहून एकतर्फी निकाल शंभरात सुमारे ११ वेळा लागतो. ९ विरुद्ध १ असेल तर शंभरात जेमतेम २ वेळा, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. २० ठिकाणी मतभेद असतील तर १५ विरुद्ध ५ हा कौल मी मानतो, १४ विरुद्ध ६ असेल तर आणखी ठिकाणं तपासतो.

आणि चारही प्रश्नांचे गुण एकत्र करून एक आकडा काढू नका. माझ्या फोनवर आजही दोन ॲप आहेत: गाडीसाठी एक, पायी फिरायला दुसरं. माझ्या भागात जे खरं ठरलं ते तुमच्या भागात ठरेलच असं नाही, कारण प्रत्येक घराण्याचा नकाशा जागोजागी कमी-जास्त दाट असतो.

सापडलेल्या चुका कळवा, आणि कळवल्याची तारीख कोष्टकात टाका. दर दोन आठवड्यांनी पाहत जा. चूक किती दिवसांत दुरुस्त झाली, हा अचूकतेचा पाचवा रकाना. तीन महिन्यांनी पूर्ण यादी पुन्हा तपासा, कारण तोवर दुकानं हललेली असतात आणि नकाशेही.

त्या रुग्णालयाबद्दल मी दोन ॲपना कळवलं. एकाने काही आठवड्यांत पिन पुढच्या दाराशी आणला, दुसऱ्यात तो अजून इमारतीच्या मध्यावरच आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर मी खातं उघडून इमारतीच्या कडेवर आपत्कालीन दार वेगळा बिंदू म्हणून स्वतः नोंदवलं. दहा मिनिटांचं काम होतं. आता त्या दाराचे अक्षांश-रेखांश घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये साठवलेले आहेत, आणि मावशीच्या फ्रिजवर ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहेत.